पहिल्या दोन वर्षांत जीपीए घसरला, तरी मेडिकल स्कूल शक्य आहे का? (अमेरिका) – सल्ला हवा

जर्सीकर
नमस्कार मंडळी. भाचीसाठी विचारतोय. न्यू जर्सीत स्टेट युनिव्हर्सिटीत बायॉलॉजी मेजर आहे, सिटिझन आहे. दोन वर्षं संपली, ६० क्रेडिट्स, जीपीए (४ पैकी ग्रेडची सरासरी) २.६. जनरल केमिस्ट्री-१ ला सी, केमिस्ट्री-२ ला सी मायनस, बायॉलॉजीला सी प्लस, ऑरगॅनिक-१ ला डी. सायन्स-मॅथचे एकूण ३० क्रेडिट्स, त्यांचा जीपीए साधारण २.३. आठवड्याला वीस तास नोकरी करत होती. एका सेमिस्टरनंतर अकॅडेमिक प्रोबेशनचं (कमी ग्रेडमुळे ताकीद) पत्रही आलं होतं.

ताई म्हणते कॅरिबियनला पाठवू, भावजी म्हणतात भारतात एमबीबीएस, आणि भाची म्हणते सगळे विषय परत घेते. नक्की काय करावं? कोणते विषय परत घ्यायचे? पोस्ट-बॅक (पदवीनंतर घेतलेले अंडरग्रॅज्युएट कोर्स) की मास्टर्स? अर्ज कधी?

गोदाकाठ
आधी गणित मांडा, मग मतं.

६० क्रेडिट्स × २.६ = १५६ पॉइंट्स. पुढच्या दोन वर्षांत ६० क्रेडिट्स ३.८ ने केले तर २२८ पॉइंट्स. एकूण ३८४ भागिले १२० = ३.२०. त्यावर ३० क्रेडिट्सचं पोस्ट-बॅक सरळ ४.० ने केलं तर ५०४ भागिले १५० = ३.३६. एवढंच वर जाता येतं. सायन्सचं बघा: ३० क्रेडिट्सचे ६९ पॉइंट्स, पुढे ४२ क्रेडिट्स ३.८ ने म्हणजे १५९.६, सगळे मिळून ७२ क्रेडिट्सना ३.१८.

एमडीला प्रवेश मिळालेल्यांची सरासरी अलीकडे साधारण ३.८ आणि एमकॅट (मेडिकल प्रवेश परीक्षा) ५१२ च्या आसपास असते, डीओची (ऑस्टिओपॅथिक मेडिकल पदवी) ३.६ आणि ५०४ च्या जवळपास. म्हणजे भाची एकूण आकड्यात कधीच सरासरीला पोहोचणार नाही. पण ॲमकासचा (एमडी कॉलेजांसाठीचा सामाईक अर्ज) फॉर्म कॉलेजला फक्त एक आकडा दाखवत नाही. फ्रेशमन, सॉफमोर, ज्युनिअर, सीनिअर, पोस्ट-बॅक अशी वर्षवार फोड असते, आणि प्रत्येक ओळीत सायन्स-मॅथ वेगळं, बाकीचं वेगळं. २.५, २.७, ३.८, ३.८, ४.० अशी चढती ओळ दिसली की वाचणाऱ्याला गोष्ट कळते. ३.० च्या खाली मात्र बरीच कॉलेजं अर्ज उघडतही नाहीत, म्हणून पहिलं लक्ष्य ३.० ओलांडणं.

एएएमसीच्या (अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांची संघटना) संकेतस्थळावर जीपीए आणि एमकॅटच्या जोडीनुसार किती जणांना प्रवेश मिळाला याचा तक्ता आहे, क्रमांक ए-२३. भाचीला तो स्वतः वाचू द्या. घरातल्या चर्चेपेक्षा तो जास्त उपयोगी पडेल.

लॅबकोट
सगळे विषय परत घेऊ नका. हा पैशाचा आणि वेळेचा सर्वांत मोठा अपव्यय.

ॲमकास प्रत्येक प्रयत्न मोजतं. ऑरगॅनिक-१ चे ४ क्रेडिट्स डी (१.०) आणि परत घेऊन ए (४.०), तर त्या ८ क्रेडिट्सची सरासरी २.५ धरली जाते. डीओच्या फॉर्ममध्ये पूर्वी नवीन ग्रेड जुन्याच्या जागी बसायची, ती सोय २०१७ मध्ये बंद झाली. इंटरनेटवर अजून जुना सल्ला फिरतोय, त्यावर जाऊ नका.

माझा नियम असा: सी मायनस किंवा खाली असेल तरच परत, कारण बहुतेक कॉलेजांना प्रीरिक्विझिटमध्ये (मेडिकल प्रवेशासाठी आवश्यक विषयांत) किमान सी लागतो. म्हणजे भाचीच्या बाबतीत केमिस्ट्री-२ आणि ऑरगॅनिक-१. केमिस्ट्री-१ आणि बायॉलॉजीला हात लावू नका. तेच क्रेडिट्स बायोकेमिस्ट्री, फिजिऑलॉजी, सेल बायॉलॉजी, जेनेटिक्सवर घाला. बायॉलॉजीला सी प्लस आणि पुढे फिजिऑलॉजीला ए, हे परत घेतलेल्या ए पेक्षा जड दिसतं.

सेमिस्टरला १४ ते १६ क्रेडिट्स, त्यात लॅबवाले सायन्स दोनच. तीन घेतले की आठवड्याला दोन लॅब रिपोर्ट आणि एक मिडटर्म एकाच वेळी येतात आणि पुन्हा तेच चक्र. उलट फक्त ८ क्रेडिट्स घेऊन ए आणले तर ‘फुल लोड झेपतो का’ ही शंका राहते. नोकरी आठ-दहा तासांवर आणा, शक्य असेल तर सेमिस्टरभर बंदच. हे झालं नाही तर वरचं गणित कागदावरच राहील.

आता ऑरगॅनिकबद्दल, कारण बहुतेकांचं तिथेच अडतं. रिॲक्शन पाठ करायच्या आणि परीक्षेत थोडा वेगळा रेणू आला की अडकायचं, हे डी चं नेहमीचं कारण. उपाय: कोऱ्या कागदावर, पुस्तक मिटून, इलेक्ट्रॉनचे बाण काढत पूर्ण मेकॅनिझम लिहायचा. जिथे पेन थांबलं तिथे लाल खूण. मग पुस्तक उघडायचं. उत्तर वाचून ‘हो, हे येतं’ म्हणणं हा अभ्यास नव्हे.

जुन्या परीक्षेचे पेपर परत मिळतात, ते फेकू नका. एक पान घ्या, तीन रकाने: माहीतच नव्हतं, माहीत होतं पण लावता आलं नाही, वेळ संपला. गेलेला प्रत्येक मार्क एका रकान्यात टाका. पहिला रकाना भरला तर वाचन कमी, दुसरा भरला तर सोडवलेली गणितं कमी, तिसरा भरला तर घड्याळ लावून सराव नाही. ऑफिस अवर्सला हे पान घेऊन जा. प्रोफेसर अशा विद्यार्थ्याला लक्षात ठेवतात, आणि पुढे रेकमेंडेशन लेटरला तेच कामी येतं.

रानजाई
प्रोबेशनबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. ॲमकासमध्ये इन्स्टिट्यूशनल ॲक्शनचा प्रश्न असतो. त्यात शिस्तभंगाबरोबर अभ्यासातल्या कमी कामगिरीमुळे झालेली कारवाईही येते, ट्रान्सक्रिप्टवर दिसत नसली तरी. होय म्हणून लिहा. तीन-चार वाक्यं पुरतात: कधी, का, त्यानंतर कोणत्या सेमिस्टरला किती जीपीए. लपवलेलं नंतर सापडलं तर मिळालेली सीट जाऊ शकते. प्रोबेशनने स्वतःहून सीट जात नाही.

तसंच ट्रान्सक्रिप्ट. हायस्कूलमध्ये कम्युनिटी कॉलेजचे ड्युअल एन्रोलमेंटचे क्रेडिट्स घेतले असतील तर त्या कॉलेजचं ट्रान्सक्रिप्टही लागतं. हे हमखास विसरतं आणि अर्ज व्हेरिफिकेशनला अडकतो.

डब्ल्यू (मध्येच सोडलेला कोर्स) जीपीएत धरत नाहीत, पण चार-पाच दिसले की प्रश्न येतो. सेमिस्टर हाताबाहेर जाताना एक डब्ल्यू घेणं डी पेक्षा केव्हाही चांगलं.

पर्सनल स्टेटमेंटला ५३०० कॅरेक्टर्स आहेत (स्पेससह). त्यातली दोन-तीन वाक्यं कमी ग्रेडला द्या, बाकी डॉक्टर का व्हायचंय याला. प्रोफेसर कडक होता, कोविड होता, रूममेट वाईट होती असं काही नको.

काही कॉलेजांची प्रीमेड कमिटी ठरावीक जीपीएखाली कमिटी लेटर (कॉलेजतर्फे एकत्रित शिफारसपत्र) देत नाही. आताच चौकशी करा. नाही दिलं तर दोन सायन्स, एक नॉन-सायन्स प्रोफेसर अशी स्वतंत्र पत्रं चालतात. फॉर्ममध्ये कारण मात्र विचारतात. आणि मंडळातल्या ओळखीच्या डॉक्टर काकांचं पत्र नको. ‘लहानपणापासून ओळखतो’ या पत्राला वजन नसतं. काकांकडे शॅडोइंग (डॉक्टरांचं काम जवळून बघणं) करायला हरकत नाही, पण सगळे तास नात्यातल्या माणसांकडेच नकोत.

मुळामुठा
मध्येच एक प्रश्न. पुण्यात बी.एस्सी. केलं, लग्नानंतर इथे आले, एच-४ वर (नवऱ्यावर अवलंबून असलेला व्हिसा) आहे. माझे तिथले मार्क ५२%. ते जीपीएत येतात का?

रानजाई
@मुळामुठा, भारतातले मार्क ॲमकास जीपीएत धरत नाही, त्यामुळे ते ५२% तिथे दिसणारच नाहीत. पण ते क्रेडिट्सही मिळत नाहीत. बहुतेक कॉलेजांना अमेरिका किंवा कॅनडातला कॉलेजचा बराच अभ्यास लागतो, प्रीरिक्विझिट इथेच पूर्ण करावे लागतात. ग्रेड्सचा कोरा कागद मिळेल, व्हिसाचा अडसर मात्र खरा. ग्रीन कार्डाशिवाय अर्ज घेणारी कॉलेजं मोजकी, सरकारी तर फारच कमी. आधी एमएसएआर (एएएमसीची मेडिकल कॉलेजांची माहितीसूची) मध्ये प्रत्येक कॉलेजचं धोरण बघा, मग कोर्सवर पैसे घाला.

गोदाकाठ
पोस्ट-बॅक की मास्टर्स, त्याचं उत्तर.

पोस्ट-बॅकचे क्रेडिट्स अंडरग्रॅज्युएट जीपीएत मिसळतात. स्पेशल मास्टर्स, म्हणजे एसएमपी, ग्रॅज्युएट धरलं जातं, त्याचा जीपीए वेगळ्या ओळीत. म्हणून ३.२ असलेल्याने आधी पोस्ट-बॅक करावं. १६० च्या वर क्रेडिट्स झाले आणि आकडा हलतच नाही, तेव्हा एसएमपी. जॉर्जटाउन, बॉस्टन, सिनसिनाटी अशा ठिकाणी हे प्रोग्रॅम आहेत. काहींत पहिल्या वर्षाच्या मेडिकल विद्यार्थ्यांबरोबर तेच विषय शिकवतात. तिथे ३.७ आणलात तर मोठा पुरावा. ३.२ आणलात तर मेडिकल स्कूल झेपणार नाही याचाच पुरावा, आणि तो पुसता येत नाही. फी दहा हजारांच्या काही पट डॉलर. एमकॅट चांगला आल्याशिवाय त्यात पाय टाकू नका.

पैशाचं आणखी एक: १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी ग्रॅड प्लस (पदवीनंतरच्या शिक्षणाचं फेडरल कर्ज) बंद. मेडिकलला फेडरल कर्ज वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलरपर्यंत. खाजगी कॉलेजांचा खर्च त्याच्या वर जातो. मास्टर्सवर आधीच कर्ज काढून बसलात तर पुढची वाट अरुंद होते.

कोकणकडा
कॅरिबियन आणि भारत, दोन्हींबद्दल स्पष्ट लिहितो.

२०२४ च्या रेसिडेन्सी मॅचमध्ये (पदवीनंतरच्या हॉस्पिटल प्रशिक्षणाच्या जागांचं वाटप) अमेरिकेतल्या एमडी सीनिअर्सना साधारण ९३%, डीओंना ९२% जागा मिळाल्या. परदेशात शिकलेल्या अमेरिकन नागरिकांना ६७%. आणि हे ६७% मॅचपर्यंत पोहोचलेल्यांतले. मधल्या वर्षांत गळालेले त्यात नाहीत. ज्याला ऑरगॅनिक-१ मध्ये डी आला आणि का आला हे अजून सुटलेलं नाही, त्याने जास्त वेगाने शिकवणाऱ्या ठिकाणी जाऊ नये. आधी इथे दोन चांगले सेमिस्टर दाखवा. डीओ हा पूर्ण डॉक्टरच. २०२० पासून रेसिडेन्सीची मान्यताही एकच आहे. घरात ‘डीओ म्हणजे दुय्यम’ असं कुणी म्हणत असेल तर ते थांबवा. न्यू जर्सीत रोवन-व्हर्च्युआ आहे, यादीत पहिलं तेच घाला.

भारतात कॉलेजचा जीपीए विचारत नाहीत, हे खरं. पण नीट द्यावीच लागते, बारावीच्या पातळीचे फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी आणि समकक्षतेचा दाखला लागतो. ४ मार्च २०२१ नंतर ओसीआय कार्ड घेतलेल्यांना एनआरआय जागांवरच प्रवेश. मग इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, आणि परत येताना तोच परदेशी पदवीधराचा शिक्का. भारतातच प्रॅक्टिस करायची असेल तर विचार करा. अमेरिकेत परत यायचं असेल तर ही वाट जवळची नाही.

लॅबकोट
एमकॅटबद्दल थोडं. चार भाग: तीन भागांना ५९ प्रश्न आणि ९५ मिनिटं, वाचनाच्या कार्सला ५३ प्रश्न आणि ९० मिनिटं. गुण ४७२ ते ५२८. भाचीच्या जीपीएला एमडीसाठी ५१२ च्या वर, डीओसाठी ५०६ च्या वर धरा, हे माझं मत. बायोकेमिस्ट्री आणि फिजिक्स झाल्यावरच द्या. तीन ते सहा महिने तयारी. एएएमसीचे अधिकृत पूर्ण पेपर शेवटच्या सहा आठवड्यांसाठी राखून ठेवा, आणि शेवटच्या तीन पेपरांची सरासरी लक्ष्याला पोहोचली नसेल तर तारीख पुढे ढकला. आयुष्यात सातदाच देता येते आणि जुने गुण कॉलेजला दिसतात. ‘एकदा देऊन बघू’ असं नको.

जर्सीकर
सगळ्यांचे मनापासून आभार. गणित ताईला वाचून दाखवलं, कॅरिबियनचा विषय सध्या बंद. दोन शंका. ऑरगॅनिक-१ या उन्हाळ्यात कम्युनिटी कॉलेजात उरकावं का? आणि ती मराठी शाळेत शिकवते, गणेशोत्सवात प्रथमोपचाराचा टेबल सांभाळते, ते फॉर्ममध्ये घालायचं का?

रानजाई
मराठी शाळा जरूर घाला. पंधरा नोंदींना जागा आहे, प्रत्येकी ७०० कॅरेक्टर्स. ‘संस्कृतीची सेवा’ असं मोघम नको. किती मुलं, कोणत्या वयाची, आठवड्याला किती तास, तिने काय बदललं ते लिहा. प्रथमोपचाराचा टेबल एकट्याने क्लिनिकल अनुभव ठरत नाही. त्यासाठी रुग्णांजवळचं काम हवं: स्क्राइब (डॉक्टरांच्या नोंदी लिहिणारा), ईएमटी (रुग्णवाहिकेतला मदतनीस), नर्सिंग असिस्टंट किंवा हॉस्पिसमध्ये व्हॉलंटिअर. दोनेकशे तास आणि वेगळे पन्नास तास शॅडोइंग असलं की कुणी बोट ठेवत नाही. पण हे सुट्टीत करा, सेमिस्टरच्या ग्रेडचा बळी देऊन नाही.

लॅबकोट
उन्हाळ्यात ऑरगॅनिक नको. सहा आठवड्यांत पूर्ण सेमिस्टर, रोज नवा चॅप्टर, पेपर तपासून रकाने भरायला वेळच नाही. डी जिथे आला त्याच कॉलेजात फॉलमध्ये घ्या, बरोबर एकच दुसरं सायन्स, शक्यतो जेनेटिक्स. स्प्रिंगमध्ये ऑरगॅनिक-२ आणि परत घेतलेली केमिस्ट्री-२. सीनिअर इयरला बायोकेमिस्ट्री, फिजिक्स, फिजिऑलॉजी. मग पोस्ट-बॅकचं वर्ष, त्यातच वसंतात एमकॅट, आणि ते वर्ष संपतानाच्या जूनमध्ये अर्ज. फॉर्म मेच्या सुरुवातीला उघडतो. स्प्रिंगच्या ग्रेड लागल्या की ट्रान्सक्रिप्ट मागवा आणि जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाठवा. उशीर झाला की व्हेरिफिकेशनलाच काही आठवडे जातात. सेकंडरी निबंध (प्रत्येक कॉलेजचे वेगळे प्रश्न) आले की दोन आठवड्यांत परत.

या उन्हाळ्यात तिने जनरल केमिस्ट्रीचं पुस्तक काढून ॲसिड-बेस, पीकेए आणि रेझोनन्स एवढेच तीन भाग पक्के करावेत. आणि फॉलच्या रजिस्ट्रेशनला कोणता प्रोफेसर ऑरगॅनिक-१ शिकवतोय ते आजच बघा, चांगल्या सेक्शनच्या जागा लवकर भरतात.