बैल विकले, रान बटईला दिलं आणि खताच्या गोण्या वाढल्या. कमी कशा करू?

नमस्कार मंडळी,

औशाजवळ (जि. लातूर) आमचं पाच एकर मध्यम काळं रान आहे. वाटण्या व्हायच्या आधी घरी दोन बैलजोड्या आणि तीन म्हशी होत्या. उकिरडा उपसून उन्हाळ्यात गाडीने खत पडायचं, तीन वर्षांत प्रत्येक वावराचा नंबर लागायचा. ज्वारी, तूर, मूग ही पिकं. युरिया काय तो हायब्रीड ज्वारीला.

आता मी चाकणला, भाऊ लातुरात, गावी आई एकटी. जनावरं गेली, नांगरट-पेरणी ट्रॅक्टरवर. रान निम्म्या बटईला, म्हणजे खर्च आणि पीक दोघांत निम्मं-निम्मं. खरिपात सोयाबीन, ओल असली तर हरभरा. बटईदार माणूस सरळ आहे, पण बोली (तोंडी करार) दर पाडव्याला नव्याने. पुढच्या साली रान त्याच्याकडे राहील की नाही याचा भरवसा नसताना तो शेणखत का टाकेल? मीही नसतं टाकलं.

यंदा त्याने सोयाबीनला एकरी दोन गोण्या डीएपी आणि फुलोऱ्याआधी एक गोणी युरिया टाकला. पीक कमरेला लागलं, शेंगा बेताच्याच. खर्चात निम्मा वाटा माझा, म्हणून कागद घेऊन बसलो. परभणी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ३०:६०:३०, म्हणजे एकरी १२ किलो नत्र, २४ स्फुरद, १२ पालाश. डीएपीच्या एकाच गोणीत ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद येतं. दोन गोण्या डीएपी आणि युरिया मिळून आमचं नत्र गेलं एकरी ३९ किलोवर, पालाश शून्य!

डीएपीऐवजी तीन गोण्या सिंगल सुपर फॉस्फेट टाकलं तर स्फुरद २४ किलो होतं, वर गंधक मिळतं. पण हे बटईदाराच्या गळी कसं उतरवायचं? आणि शेणखत पुन्हा रानात यावं म्हणून बोली कशी करावी? कुणी केली आहे का?

प्रतिसाद – 'काळं रान' (सभासद)
बोली तीन वर्षांची करा आणि पहिल्या साली शेणखताचा पूर्ण खर्च तुम्ही उचला. रान तुमचं आहे, त्याचं नाही. सोयाबीनला वरून युरिया बंदच करा, मुळावरच्या गाठी नत्र देतात. बियाण्याला रायझोबियम (त्या गाठी करणारे जिवाणू) चोळा. सगळं रान एकदम बदलू नका. एका एकरात खत तुमच्या हिशोबाने, बाकी रानात त्याच्या. काट्यावर दोन्ही वेगळं मोजा. शेणखत मिळत नसेल तर उन्हाळ्यात रात्री रानात मेंढ्या बसवा, लेंड्यांचं खत मिळतं.

धागाकर्ता
एका एकराचं पटलं, पाडव्याला बोलतो. मेंढ्या आमच्या शिवारात बसतात, पण रात्रीच्या हिशोबाने पैसे की धान्य? तुमच्याकडे काय चालतं?