'लष्करी वकील' हा शब्द बरोबर आहे का?

भाषांतरकार: अमेरिकी सैन्यातल्या विधी अधिकाऱ्यांवरचा एक लेख मराठीत आणते आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथले संरक्षणमंत्री पीट हेगसेथ यांनी भूदल आणि हवाई दलाच्या जज अ‍ॅडव्होकेट जनरलना, म्हणजे त्या दलांतल्या विधी अधिकाऱ्यांच्या प्रमुखांना, पदावरून काढलं. सरसेनापतीच्या, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या, हुकमांच्या आड येणारे अधिकारी तिथे नकोत, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. २ सप्टेंबर २०२५ ला अमेरिकेने कॅरिबियन समुद्रात एका बोटीवर हल्ला करून ११ जणांना मारलं, तेव्हा या अधिकाऱ्यांना कुणी विचारलं होतं का, हा प्रश्न पुन्हा वर आला. आपल्याकडे त्यांना सर्रास 'लष्करी वकील' म्हणतात. मला ते खटकतं. आणखी एक अडचण: लेखात सैन्याला लागू होणारा कायदा आणि मार्शल लॉ, म्हणजे सैन्याने नागरिकांवर चालवलेला अंमल, असे दोन्ही विषय येतात. मराठीत दोन्हींना 'लष्करी कायदा'च म्हणायचं का?

विधी अभ्यासक: खटकतं ते योग्यच आहे. वकील म्हटलं की अशील आलाच. पेशव्यांचे दिल्लीतले हिंगणे हे 'वकील' होते. धन्याची बाजू दरबारात मांडायची, धन्याच्या वतीने बोलायचं, हे त्यांचं काम. शब्दाचा अर्थ राजदरबारातून कोर्टात आला तरी कुणाच्या तरी बाजूने उभं राहणं त्यातून गेलं नाही. म्हणून 'लष्करी वकील' वाचणाऱ्याला वाटतं, हा जनरलसाहेबांचा वकील, साहेबांनी ठरवलं ते कायद्यात बसवून देणारा. वादाचा मुद्दा तर नेमका हा आहे की त्याने तसं करायचं नाही.

आपल्या १९५० च्या सेना अधिनियमाप्रमाणे प्रत्येक जनरल कोर्ट मार्शलमध्ये कायद्याचा सल्ला देणारा जज अ‍ॅडव्होकेट हजर असावाच लागतो. तो निवाडा देत नाही, निवाड्याच्या मतदानातही नसतो. पण कायद्याच्या मुद्द्यावर त्याचं मत मागण्याचा हक्क फिर्यादी पक्षाइतकाच आरोपीलाही असतो. कामकाजात काही उणीव राहिली तर ती कोर्टाच्या कानावर घालणं त्याचं काम, आणि शेवटी पुराव्याचा गोषवाराही तोच मांडतो. १९५४ च्या सेना नियमांतला १०५ वा नियम त्याला पूर्ण निःपक्षपाती राहायला बजावतो. जो आरोपीलाही सल्ला देतो त्याला एका बाजूचा वकील कसं म्हणायचं?

तरीही अंगावर गणवेश आहे, खांद्यावर हुद्दा आहे, बढती वरिष्ठांच्या हाती आहे. सगळं घोडं इथेच अडतं. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली चरणजितसिंग गिल प्रकरणात म्हटलं की जज अ‍ॅडव्होकेट आरोपी अधिकाऱ्यापेक्षा खालच्या हुद्द्याचा असता कामा नये. माझ्या मते ही किमान अट झाली, स्वातंत्र्य त्याच्या बरंच पुढे आहे. ब्रिटनमध्ये जज अ‍ॅडव्होकेट जनरल हा मुलकी न्यायाधीश असतो. अमेरिकेत तो गणवेशातलाच, पण २००४ पासून तिथला कायदा सांगतो की त्याच्या स्वतंत्र सल्ल्यात संरक्षण खात्यातल्या कुणीही ढवळाढवळ करू नये. तुकडीबरोबर असणारा साधा विधी अधिकारी कमांडरला सल्ला देतो, त्यालाही हेच संरक्षण आहे. तुमच्या लेखातल्या बडतर्फीचं गांभीर्य हे कलम सांगितल्याशिवाय वाचकाला कळायचं नाही.

मी 'सैन्याचा विधी अधिकारी' लिहीन, आणि कोर्ट मार्शलचा संदर्भ असेल तिथे 'जज अ‍ॅडव्होकेट' तसंच ठेवीन. 'जॅग शाखा', म्हणजे जज अ‍ॅडव्होकेट जनरलची शाखा, भरतीच्या जाहिरातींमुळे पोरांनाही माहीत आहे, ते खुशाल वापरा.

निवृत्त सुभेदार: ताई, 'हुकूम' या शब्दाकडेही लक्ष द्या. बाहेरच्या लोकांना वाटतं, फौजी म्हणजे हुकमाचा ताबेदार, वरून आलं ते करायचं. सेना अधिनियमाचं ४१ वं कलम हुकूम मोडणाऱ्याला शिक्षा देतं, पण कोणता हुकूम? कायदेशीर हुकूम. भाषांतरात नुसतं 'हुकूम' लिहिलंत तर कलमाचा जीवच जाईल. ईशान्येत असताना आमच्या शर्टाच्या खिशात एक कार्ड असायचं. गोळी कधी चालवायची, झडती कशी घ्यायची, पकडलेला माणूस लवकरात लवकर जवळच्या पोलीस ठाण्यात द्यायचा, असं त्यावर छापलेलं. जवान त्याला कागदाचा तुकडा समजले तर मी रागवायचो. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये अफ्स्पा, म्हणजे अशांत भागात सैन्याला विशेष अधिकार देणारा कायदा, वैध ठरवला, पण या 'काय करावं, काय करू नये'च्या सूचना बंधनकारक आहेत असंही सांगितलं. कमांडरला वेळेवर 'साहेब, हे कायद्यात बसत नाही' म्हणणारा अधिकारी जवानालाही वाचवतो. नाहीतर पुढे चौकशीत उभा राहतो तो ट्रिगर ओढणारा.

सोलापूरकर: 'लष्करी कायद्या'बद्दल आम्हाला विचारा. मे १९३० मध्ये इंग्रजांनी आमच्या शहरावर मार्शल लॉ लादला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली. इथल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी 'मार्शल लॉ'च होता, त्याचं भाषांतर कुणी केलं नाही. तोच ठेवा, किंवा 'लष्करी अंमल' म्हणा. ज्या कायद्याने सैन्याला वेसण घातली जाते आणि ज्या अंमलात सैन्य गावाला वेसण घालतं, त्या दोन्हींना एकच नाव देणं घातक आहे.

विधी अभ्यासक: पटलं. पहिल्यासाठी 'सैनिकी कायदा' घ्या.

भाषांतरकार: सुभेदारकाका, सोलापूरकर, दोघांचे आभार. शेवटचं विचारते. बळाच्या वापराबद्दल भारताचा एक परिच्छेद जोडायचा आहे. 'अतिरेकी बळ' चालेल?

विधी अभ्यासक: अजिबात नको. मराठी वाचकासाठी 'अतिरेकी' म्हणजे दहशतवादी, तो 'अतिरेक्यांचं बळ' असंच वाचेल. 'प्रमाणाबाहेर बळ' किंवा 'गरजेपेक्षा जास्त बळ' लिहा. जमाव पांगवायला सैन्य बोलावलं तर कायदा म्हणतो, त्या कामाला जेवढं पुरेल तेवढंच कमीत कमी बळ वापरा आणि जीविताची, मालमत्तेची हानीही तितकीच कमी करा. फौजदारी प्रक्रिया संहितेचं १३० वं कलम ते हेच, आता नागरिक सुरक्षा संहितेत १४९ वं. अफ्स्पाच्या चौथ्या कलमात मात्र अधिकाऱ्याला आवश्यक वाटेल तसा इशारा देऊन जीव जाईपर्यंत बळ वापरता येतं. 'त्याला आवश्यक वाटेल तसा' हे शब्द भाषांतरात गाळू नका, सगळी मोकळीक त्यांतच आहे.

त्या मोकळिकीची हद्द मणिपूरच्या प्रकरणात दिसते. सुरक्षा दलांनी बेकायदा मारल्याचा आरोप असलेल्या १५२८ मृत्यूंची यादी घेऊन मृतांची कुटुंबं सर्वोच्च न्यायालयात गेली होती. ८ जुलै २०१६ ला न्या. मदन लोकूर आणि न्या. उदय लळित यांनी सांगितलं की प्रमाणाबाहेर किंवा सूड म्हणून बळ वापरून कुणाला मारल्याचा आरोप असेल तर कसून चौकशी झालीच पाहिजे, मग मेलेला माणूस सामान्य असो की बंडखोर.

आणि अफ्स्पाच्या सहाव्या कलमाप्रमाणे सैनिकावर खटला चालवायला केंद्राची जी संमती लागते तिला 'पूर्वमंजुरी' लिहा, 'परवानगी' फार सौम्य आहे. ४ डिसेंबर २०२१ ला नागालँडमधल्या ओटिंगजवळ कोळसा खाणीतून घरी निघालेले ६ मजूर सैन्याच्या गोळीबारात मेले. राज्याच्या पोलिसांनी ३० सैनिकांवर आरोपपत्र ठेवलं. केंद्राने २०२३ मध्ये पूर्वमंजुरी नाकारली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी कारवाई बंद केली. पुढे कधी मंजुरी मिळालीच तर खटला चालू शकतो, एवढी वाट मात्र मोकळी ठेवली.