'मारेकरी'चं स्त्रीलिंग काय?

चिंचपेटी :
एका कुमार-कादंबरीचा अनुवाद करतेय. नायिका सतरा वर्षांची, दासी म्हणून दरबारात शिरलेली. काम : वरून नाव येईल त्याचा काटा काढणं. मी 'मारेकरीण' लिहिलं. संपादकबाईंनी ते खोडून 'महिला मारेकरी' केलं आणि शेरा मारला, 'असा शब्द नाही'. माझी आजी आमच्या मांजरीला मारेकरीण म्हणायची हो! 'महिला मारेकरी' वाचलं की मला दरबार दिसतच नाही, लोकलचा डबा दिसतो.

संदर्भ सांगते. जागा ब्रिटनी, म्हणजे आजच्या फ्रान्सचं वायव्येचं टोक. काळ १४८८ ते १४९१. तेव्हा तिथे वेगळा ड्यूक होता. तो १४८८मध्ये लढाई हरला, पाठोपाठ वारला, आणि राज्य अकरा वर्षांच्या अ‍ॅनच्या गळ्यात पडलं. फ्रान्स गिळायला टपलेला, शिवाय लग्नाला उभ्या असलेल्यांची रांग. इथवर इतिहास. नायिका ज्या गुप्त पंथात वाढते तो मात्र कल्पित आहे. पंथ आंकूला मानणारा. आंकू म्हणजे तिथल्या लोककथांमधला मृत्यूचा गडी, करकरणारी गाडी घेऊन रात्री फिरतो. आणि अर्थातच, ज्याला मारायचं त्याच्याच प्रेमात ही बाई पडते.

तर, काय लिहू?

तिरफळ :
शेतकरी-शेतकरीण, वारकरी-वारकरीण, माळकरी-माळकरीण. मग मारेकरणीनंच काय घोडं मारलंय? बिनधास्त लिहा.

जुने पान :
व्याकरणाने होतो म्हणून शब्द चालतोच असे नाही. 'पहारेकरीण' आपण किती वेळा ऐकली आहे? शिवाय 'मारेकरी' हाच शब्द येथे तोकडा आहे. मारेकरी अंगावर धावून येतो. त्यात वेषांतर, पाळत, दरबारी कपट काही नाही. कौटिल्याने अर्थशास्त्रात हेरांचे प्रकार सांगितले आहेत. त्यात 'तीक्ष्ण' म्हणजे जिवावर उदार झालेला, पैशासाठी हत्तीशी किंवा हिंस्र पशूशीही झुंजणारा. 'रसद' म्हणजे विष घालणारा. येथे रस म्हणजे विष. इतकी जुनी आणि नेमकी परिभाषा घरात असताना आजीच्या मांजरीपर्यंत जाण्याचे कारण समजले नाही.

तिरफळ :
'राणीच्या महालात रसद पोचली.' वाचा एकदा मोठ्यानं. चौदा वर्षांच्या पोराला गव्हाची पोती दिसणार, विष नाही. आपली रसद फारसीतून आलीय, तिनं कौटिल्याच्या रसदाला कधीच खाऊन टाकलंय.

जुने पान :
म्हणूनच मूळ अर्थ पुन्हा रुजवला पाहिजे. कुमारांना सोपे तेच देत राहिले तर पुढल्या पिढीला 'किल केलं' एवढेच येईल.

ढोलकीचा नातू :
कौटिल्यानं रसद कुणाला नेमावं असं म्हटलंय तेही सांगा की काका. नातलगांची माया नसलेले, क्रूर आणि आळशी. हो, आळशी! माझ्या ऑफिसात निम्मे पात्र आहेत.

वाटचुकार :
इंग्रजी 'असॅसिन' शब्दाचंच मूळ धरा ना. हसन-ए-सब्बाहनं १०९०मध्ये इराणातला आलमूतचा किल्ला घेतला. दोन वर्षांत सेल्जुक सुलतानांचा वजीर निजाम-उल-मुल्क मारला गेला, त्याचं खापर हसनच्याच लोकांवर. पुढे १२५६मध्ये मंगोल हुलागूनं आलमूत पाडला. हशीशवरून पडलेलं 'असॅसिन' हे नाव विरोधकांनी चिकटवलेलं. जीव द्यायला तयार असलेल्यांना ते स्वतः म्हणायचे फिदाई. फिदा म्हणजे ओवाळून टाकणं, कुर्बानी. आपण म्हणतो ना 'तिच्यावर फिदा झाला', तोच शब्द! तुमची नायिका फिदाई आहे आणि सावजावर फिदा आहे. इंग्रजीत ही कोटी होणारच नाही, मराठीत फुकटात मिळतेय.

चिंचपेटी :
वाटचुकार, कोटी झकास. पण ब्रिटनीतली ख्रिस्ती मुलगी स्वतःला फिदाई कशी म्हणवून घेईल? तिनं आलमूतचं नावही ऐकलेलं नसणार.

आबोली :
मग ती मराठी तरी कुठे बोलतेय ताई? :)
मी विषकन्या सुचवते.

चिंचपेटी :
विषकन्या नको. तिचं अंगच विष असतं, तिला करावं काही लागत नाही. 'मुद्राराक्षस' नाटकात नंदांचा अमात्य राक्षस ती चंद्रगुप्तासाठी पाठवतो आणि चाणक्य ती पर्वतकाकडे वळवतो. पाठवायची, वळवायची, जणू पार्सल. माझी पोरगी खंजीर धार लावून स्वतः जाते, आणि शेवटी मारायचं की नाही तेही स्वतः ठरवते.

गडकोट :
सुपारीवाली?

ढोलकीचा नातू :
अहो, जरा जपून. माझे आजोबा तमाशाच्या फडात ढोलकी वाजवायचे. आमच्या घरात 'सुपारी आली' म्हणजे कार्यक्रम ठरला, विसार मिळाला, आता दिवाळी गोड. मुंबईच्या टोळ्यांनी तो शब्द पळवला. लहानपणी वर्गात म्हणालो, 'आजोबांना सांगलीची सुपारी आलीय', तर बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

गडकोट :
बरं, सुपारी राहू द्या. गारदी घ्या! नारायणराव पेशव्यांना मारलं ते गारद्यांनीच. शनिवारवाडा, ३० ऑगस्ट १७७३. शब्द म्हटला की अंगावर काटा येतो. शिवाय तो फ्रेंच 'गार्द'वरून आलेला, म्हणजे तुमच्या कादंबरीत तो माहेरीच जातोय.

आबोली :
फ्रेंच कशावरून? पोर्तुगीजमध्येही 'ग्वार्दा' आहे. आमच्याकडे गोव्यात पोर्तुगीज आले तेव्हा फ्रेंचांचा इथे पत्ता नव्हता.

गडकोट :
पण कवायती पलटणी उभ्या केल्या फ्रेंचांनी. गारद्यांचा सरदार इब्राहिमखान फ्रेंच सेनानी बुसीच्या हाताखाली तयार झाला.

जुने पान :
मोल्सवर्थने आपल्या मराठी-इंग्रजी कोशात हा शब्द सरळ इंग्रजी गार्डशी जोडला आहे. आणि कृपा करून गारदी म्हणजे मारेकरी करू नका. गारदी म्हणजे कवायती पायदळाचा शिपाई. पानिपतावर १७६१मध्ये इब्राहिमखान गारदी आपल्या बाजूने लढला आणि शत्रूच्या हाती सापडून जिवाला मुकला. पुढे एका वाड्यात एका दुपारी काही गारद्यांनी खून केला म्हणून सगळ्या शब्दावर रक्त सांडायचे?

तिरफळ :
सांडलंय त्याला आता कोण काय करणार. शाळेतल्या पोराला विचारा गारदी कोण. पानिपत कुणी सांगणार नाही, 'काका मला वाचवा' सगळे सांगतील. अर्थ लोक ठरवतात, मोल्सवर्थ नाही.

जुने पान :
लोक 'ध चा मा'ही खरा मानतात.

गडकोट :
काका, आता त्यात शिरू नका, रात्र जाईल.

चिंचपेटी :
रात्र गेलीच आहे. मारेकरीण की आणखी काही, एवढं कुणी सांगाल का? आणि दुसरी अडचण आत्ताच टाकते, म्हणजे दोन्हींचा एकदम निकाल लागेल. डिसेंबर १४९०, रेन शहर. अ‍ॅनचं लग्न ऑस्ट्रियाच्या मॅक्सिमिलियनशी लागतं, पण नवरदेव येतच नाही. त्याचा वकील येतो आणि विधी म्हणून एक पाय गुडघ्यापर्यंत उघडा करून नवरीच्या बिछान्यात घालतो. हे खरं आहे, कादंबरीतलं नाही! याला मराठीत काय म्हणू? 'प्रतिनिधी-विवाह' अगदी सरकारी वाटतं.

ढोलकीचा नातू :
पाय घालून लग्न? आणि बाकीचा वकील कुठे होता?

आबोली :
खांडा लग्न म्हणा. नवरदेव मोहिमेवर असला की त्याची तलवार पाठवायची आणि तिच्याशी लग्न लावायचं.

गडकोट :
अगदी! मल्हारराव होळकरांच्या हरकूबाई खांडाराणी म्हणूनच ओळखल्या जातात.

जुने पान :
खांडा लग्नात शस्त्र असते, माणूस नसतो. वकिलाच्या पायाला खांडा म्हणणे हा दोघांचाही अपमान आहे.

वाटचुकार :
त्या पायाचा उपयोग तरी काय झाला! वर्षभरात फ्रान्सच्या आठव्या चार्ल्सनं रेनला वेढा घातला आणि डिसेंबर १४९१मध्ये अ‍ॅनशी स्वतःच लग्न केलं. गंमत म्हणजे चार्ल्सचं आधी मॅक्सिमिलियनच्याच मुलीशी ठरलेलं, ती लहानपणापासून फ्रेंच दरबारात वाढत होती. म्हणजे बिचाऱ्याची बायकोही गेली आणि जावईही, तेही एकाच माणसापायी.

तिरफळ :
या धाग्यात आता पाय फार झाले. पण खांड्यावरून आठवलं. आपल्याकडे नवरदेवाच्या हातात कट्यार देतात, ती खांड्याचीच आठवण ना?

गडकोट :
नाही हो, नवरदेव एक दिवसाचा राजा, म्हणून शस्त्र.

आबोली :
आणि टोकाला लिंबू कशाला टोचतात?

ढोलकीचा नातू :
करवलीच्या शालूत टोक घुसू नये म्हणून. माझ्या लग्नात लिंबू पडलं होतं, शालूची भरपाई अजून देतोय.

जुने पान :
लिंबू दृष्टीसाठी असते.

ढोलकीचा नातू :
काका, शालू बघायला या, मग बोला.