एचआयव्हीचे क्लस्टर काढताना कटऑफ किती ठेवायचा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी एचआयव्हीच्या पोल जीनचे सिक्वेन्स घेऊन बसलेय, कोणाचा व्हायरस कोणाशी किती जुळतो ते बघून साथ कशी पसरतेय याचं नेटवर्क काढायचंय. टीएन९३ ने (दोन सिक्वेन्समधला फरक मोजायची पद्धत) अंतर काढलं, 1.5 टक्के कटऑफ ठेवला, म्हणजे तेवढा किंवा त्याहून कमी फरक असलेले जोडले, तर एक भलामोठा गोळा तयार होतो आणि 0.5 वर आणला की चार-पाच जोड्या उरतात बाकी सगळे सुटे, आता यातलं खरं काय मानायचं? त्यात एक सिक्वेन्स वाय आणि आर नी नुसता भरलाय, म्हणजे तिथे दोन-दोन बेस मिसळलेत, तो चक्क सगळ्यांचा नातेवाईक निघतोय 😅 असले काढून टाकायचे का? औषध रेझिस्टन्सच्या (जिथल्या बदलाने व्हायरस औषधाला दाद देत नाही त्या) जागा वगळून पण बघू का, कारण तेच औषध घेणाऱ्यांत तेच म्युटेशन आपापलं येतं ना.

अजून एक, सर म्हणतात बाण दाखव, कोणाकडून कोणाला गेला ते. पण मधला माणूस सॅम्पलमध्ये नसेलच तर? नुसत्या जवळच्या सिक्वेन्सवरून दिशा ठरवणं मला तरी पटत नाही, कोणाच्या अंगाशी येईल. सरांना कसं समजावू?