आईच्या समुपदेशनात भाषा आणि रीतिभाती आड येत आहेत. समुपदेशक बदलावेत का?

कृष्णाकाठ
माझी आई ५९ वर्षांची आहे. दीड वर्षापूर्वी वडील गेले, तेव्हापासून तिला झोप लागत नाही, छातीत धडधडते, हातापायांना मुंग्या येतात. हृदयाच्या तपासण्यांत दोष निघाला नाही, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने आम्ही शहरातील एका समुपदेशकांकडे जाऊ लागलो. चार बैठका झाल्या. ते तरुण आहेत, मनाने चांगले आहेत, परंतु त्यांच्या बोलण्यात निम्मे शब्द इंग्रजी असतात. "तुमच्या भावना काय आहेत?" असे विचारले की आई माझ्याकडे पाहते आणि "काही नाही हो, जिवाला घोर लागलाय नुसता" एवढे म्हणून गप्प बसते. "आता स्वतःसाठी जगा, मुलासुनेला नाही म्हणायला शिका" हा सल्ला तर तिला घर फोडण्यासारखा वाटला.

तिसऱ्या बैठकीला तिने पहाटे उठून बेसनाचे लाडू केले आणि स्टीलच्या डब्यातून नेले. भेटवस्तू घेण्याची परवानगी नाही, असे सांगून समुपदेशकांनी डबा परत केला. परतताना एस.टी.त तो डबा मांडीवर धरून ती वाटभर बोलली नाही. घरी आल्यावर म्हणाली, "विधवेच्या हातचं कोण खातंय?" दुसरे समुपदेशक शोधावेत, की हा उपचारच तिच्यासाठी नाही असे समजावे?

ठाण्यातील समुपदेशक
मी अठरा वर्षे हे काम करते आणि आपल्या आईंनी सांगायचे ते सांगितले आहे असे मला वाटते. "जिवाला घोर" हेच त्यांचे उत्तर आहे. आपल्याकडे दुःख बहुधा छाती, जीव, डोके, हातपाय यांच्या भाषेत बोलले जाते, आणि समुपदेशकाने त्याचे "नैराश्य" किंवा "चिंता" असे भाषांतर करण्याची घाई न करता घोर कधी लागतो, तेव्हा घरात कोण असते, तो कशाने हलका होतो, हे विचारत पुढे जायला हवे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली निदानाच्या आपल्या ग्रंथात १६ प्रश्नांची एक मुलाखत समाविष्ट केली, तिचा गाभाही हाच आहे: हा त्रास तुम्ही आपल्या माणसांना कोणत्या शब्दांत सांगाल, आणि तो कशामुळे झाला असे तुम्हाला वाटते?

भेटवस्तूंचा नियम योग्य कारणासाठी आहे, कारण उपकाराच्या ओझ्याखाली दोघांनाही मोकळे बोलता येत नाही. तरीही मी त्यांच्यासमोर एक लाडू खाल्ला असता आणि मग डब्याविषयी बोलले असते. त्या डब्यात काय होते ते त्यांनी घरी सांगितलेच आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रकही काढले, पण शेजारच्या घरचे हळदीकुंकवाचे बोलावणे येईनासे होते, ते दुःख कोणत्याही परिपत्रकाने भरून येत नाही. त्याविषयी त्यांना कोणी विचारले आहे का? आणि बैठकीच्या वेळी आपण कोठे बसता?

म्हापशेकर
गोव्यात मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संगाथ संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्य असलेल्या प्रौढांवर संभाषणाधारित उपचार करून पाहिले. सहा ते आठ बैठका होत्या आणि मानसोपचाराचे पूर्वशिक्षण नसलेले, प्रशिक्षण दिलेले स्थानिक समुपदेशक त्या घेत असत. नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत रुग्णांना अधिक बरे वाटले. त्या पद्धतीत भावनांच्या उलगड्यापेक्षा सुटलेली कामे आणि भेटीगाठी हळूहळू पुन्हा सुरू करण्यावर भर असतो. आपल्या आई पहाटे उठून लाडू करतात, ही धरून ठेवण्याजोगी गोष्ट आहे.

दोन घरांची लेक
एक सावधगिरी सुचवते. मला "आपली संस्कृती जाणणाऱ्या" समुपदेशक मिळाल्या होत्या. सासरचा जाच सांगितला, तेव्हा "संसारात थोडे सोसावे लागते" असे त्या म्हणाल्या, आणि मी पुढची दोन वर्षे कोणाशीच बोलले नाही. माणसाची रीत समजून घेणे वेगळे आणि त्या रीतीच्या वतीने माणसाला गप्प करणे वेगळे. जवळपास मराठीत बोलणारे कोणी नसेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून बोलता येते.

कृष्णाकाठ
सर्वांचे मनापासून आभार. मी तिच्या शेजारीच बसतो. तिला परके वाटू नये, एवढाच हेतू होता.

ठाण्यातील समुपदेशक
हेतू चांगलाच आहे, आणि आपल्याकडे रुग्णाबरोबर घरचे माणूस असतेच. त्याला दारातून परत पाठवणे मला कधीच पटले नाही. मात्र पहिली दहा मिनिटे बसून नंतर आपण बाहेरच्या बाकावर थांबावे. मुलासुनेविषयी काही बोलायचे असेल, तर आई ते मुलाच्या देखत बोलणार नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही गोपनीयतेचा हक्क रुग्णाला दिला आहे, आणि तो मुलापासूनही लागू होतो. समुपदेशक इतक्यात बदलू नका. मराठीत आणि सावकाश बोला, अशी त्यांना स्पष्ट विनंती करा. त्यानंतरही दोन-तीन बैठकांत फरक दिसला नाही, तर जरूर बदला.

कृष्णाकाठ
मंगळवारी पुढची बैठक आहे. लाडवांविषयी ती जे म्हणाली, ते मी समुपदेशकांना आधी फोनवर कळवू का?

ठाण्यातील समुपदेशक
आधी आईंना विचारा. त्या "सांग" म्हणाल्या तर कळवा. "नको" म्हणाल्या तर तो विषय त्यांच्याकडेच राहू द्या.