‘कास्ट’ हा शब्द पोर्तुगीज, म्हणून जातही त्यांचीच?

शाल्मली: ‘कास्ट’ हा शब्द पोर्तुगीज ‘कास्ता’वरून आला, तेव्हा जातिव्यवस्था ही युरोपियनांचीच देणगी होय, असे काल हेमंतरावांनी येथे लिहिले. व्युत्पत्ती बरोबर आहे, परंतु तिच्यावरून काढलेल्या निष्कर्षाने मला संताप आला. ‘कास्ता’ म्हणजे वंश, कूळ. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी येथे जे पाहिले, त्याला त्यांनी आपल्या भाषेतले नाव दिले, एवढेच. वास्को द गामा कालिकतला उतरला १४९८ साली आणि चोखोबा गेले १३३८ साली. त्यांची समाधी पंढरपूरच्या महाद्वाराबाहेर का आहे, याचे उत्तर कोणत्या पोर्तुगीजाकडे मागायचे?

हेमंत: जाती नव्हत्याच, असे मला म्हणायचे नाही. त्यांचा क्रम गावोगाव निराळा होता; १९०१च्या जनगणनेत तिचा प्रमुख इंग्रज अधिकारी रिस्ले याने सामाजिक श्रेष्ठतेनुसार त्यांची प्रतवारी लावली आणि वरचा दर्जा मिळावा म्हणून जातिसभांनी सरकारकडे अर्ज केले. हा इतिहास आपण सोयीस्करपणे वगळता.

गोवेकर: पोर्तुगीजांचे नाव निघालेच आहे, तर आमच्याकडचे ऐका. धर्म बदलला तरी ख्रिस्ती समाजात बामण (ब्राह्मण), चार्डो (क्षत्रिय), सुदीर (शूद्र) हे भेद टिकले, आणि चर्चच्या फेस्ताचा, म्हणजे उत्सवाचा, मान कोणाचा यावरून तंटे झाले. माझ्या आत्याचे ठरलेले लग्न ती सुदीर म्हणून मोडले. दोन्ही घरे एकाच चर्चमध्ये प्रार्थनेला जात होती.

हेमंत: आत्याबाईंबद्दल वाईट वाटते, परंतु येथे गोव्याची चर्चा चाललेली नाही.

गोवेकर: गोव्याचीच चाललेली आहे! ‘कास्ता’ म्हणणारे आमच्याकडे साडेचारशे वर्षे राज्य करत होते, आणि त्यांच्या धर्मालाही हे भेद पुसता आले नाहीत. ज्यांनी व्यवस्था आणली असे आपण म्हणता, त्यांच्या चर्चमध्ये ती आमच्या घरांतून शिरली.

शाल्मली: रिस्लेबद्दल म्हणाल, तर क्रमाचे तपशील गावोगाव बदलत असतील, पण पाणवठ्यावर कोणी जायचे आणि कोणी नाही, हे बहुतेक गावी ठरलेले होते. ‘जाति’ या संस्कृत शब्दाच्या मुळाशी ‘जन्’ धातू आहे. जन्मावरून माणसाची जागा ठरवणे आपल्याला परक्यांनी शिकवले नाही. महाडच्या तळ्यावर १९२७ साली पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, तो काही रिस्लेच्या यादीमुळे नव्हे.

हेमंत: शब्द परका म्हणून व्यवस्था परकी ठरत नाही, एवढे मान्य करतो. मात्र दाखल्यावर छापून ती पक्की केली इंग्रजांनीच, आणि हे मी पुढेही मांडणार.

शाल्मली: अवश्य मांडा, फक्त ‘पक्की केली’ असेच लिहा, ‘आणली’ असे नको.