मदत हवी आहे : कारखान्यांच्या छोट्या शहरात कलेचा उपक्रम कसा रुजवायचा?

नमस्कार मंडळी,
छोट्या औद्योगिक शहरात नाटक, संगीत, चित्रकला यांचं काहीतरी कायमस्वरूपी उभं करायचं आहे. वाचायला घेतलं की उदाहरणं मिळतात ती बंद पडलेल्या कारखान्यांची. अमेरिकेतल्या नॉर्थ ॲडम्समध्ये स्प्रेग इलेक्ट्रिक १९८५ मध्ये बंद झाली आणि १९९९ मध्ये तिथेच मास मोका हे मोठं कलासंग्रहालय सुरू झालं. जर्मनीत एसेनची झोलफेराइन कोळसा खाण १९८६ ला थांबली, २००१ मध्ये जागतिक वारसा ठरली. छानच आहे, पण जिथे यंत्रं अजून धडधडताहेत तिथे काय करायचं?

खरी अडचण पाळ्यांची. संध्याकाळी सातचा प्रयोग लावला की दुपारपाळीवाले आत अडकलेले आणि रात्रपाळीवाले डबा भरण्याच्या गडबडीत. उरतात तेच ते ठरावीक चेहरे. सकाळी, रात्रपाळी सुटल्यावर कोणी कार्यक्रम करून पाहिलाय का? लोक थांबतात, की झोपेला पळतात?

दुसरं म्हणजे जागा. रिकामी शेड मिळू शकते, पण पत्र्याखाली आवाज इतका घुमतो की संवाद कळतच नाहीत. जाड पडदे लावून भागतं का, की छतालाच काही करावं लागतं? स्वस्तातला उपाय सांगा.

आणि कारखान्यांकडून पैसे घ्यावेत का? घेतले तर नाटकाचा विषय ते ठरवणार नाहीत, हे आधीच कसं लिहून घ्यायचं? पाहुणे कलाकार आणून दोन दिवसांचा महोत्सव करा, हा सल्ला कृपया नको. कामगारांतच गाणारे, लिहिणारे आहेत, त्यांच्यापासून सुरुवात करायची आहे.